सोनेरी वर्तुळात बसणारा बादशहा : हुमायूनचे आयुष्य आणि त्याचा फाशांचा खेळ

नवी दिल्ली : मथुरा रोडलगतच्या पुराना किल्ल्यात लाल वालुकाश्माची एक अष्टकोनी, दुमजली इमारत आजही उभी आहे. शेर मंडल या नावाने ती ओळखली जाते. जानेवारी १५५६ मध्ये या इमारतीच्या जिन्यावरून मुघल बादशहा हुमायून पडला आणि त्यातच त्याचा अंत झाला. पाठ्यपुस्तकांतील हुमायून बहुधा एवढाच उरला आहे : बाबराचा पुत्र, अकबराचा पिता, शेरशहाकडून दोनदा हरलेला आणि अखेरीस जिन्यावरून पडलेला. मात्र याच बादशहाने सुमारे पाचशे वर्षांपूर्वी असा एक खेळ रचला होता, की आज जगभर टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकांच्या खेळांशी त्याचे नाते सहज ओळखता यावे. त्या खेळाचे नाव होते बिसात-इ-निशात, अर्थात आनंदाचा गालिचा.

अबुल फजलने अकबरनाम्यात या गालिच्याचे वर्णन केले आहे. गालिचा गोल होता आणि ग्रहांच्या व मूलतत्त्वांच्या कल्पनेनुसार त्यावर एकात एक वर्तुळे आखलेली होती. शनीचे वर्तुळ काळे, गुरूचे चंदनी, मंगळाचे लाल, रवीचे सोनेरी, शुक्राचे हिरवे आणि चंद्राचे पांढरे होते. दरबारातील प्रत्येक वर्गाचे वर्तुळ ठरलेले असे. हिंदुस्थानी अमीर आणि शेख शनीच्या वर्तुळात बसत, तर सय्यद आणि उलेमा गुरूच्या. स्वतः बादशहा सोनेरी वर्तुळात, सूर्याच्या जागी विराजमान होई. मग फासे टाकले जात. या फाशांवर ठिपक्यांऐवजी निरनिराळ्या अवस्थांतील मनुष्याकृती रंगवलेल्या असत. ज्याच्या हातून जी आकृती वर येई, त्याने आपल्या वर्तुळात तीच अवस्था धारण करायची. उभी आकृती आली तर उभे राहायचे, बसलेली आली तर बसायचे आणि पहुडलेली आली तर तेथेच आडवे व्हायचे. या खेळाने दरबारात आनंदाला उधाण येई, असे इतिहासकार नमूद करतो.

अमेरिकेत १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ प्रसिद्ध झाला आणि भूमिका घेऊन खेळण्याच्या आधुनिक प्रकाराची सुरुवात झाली. त्यात खेळाडू आधी आपला वंश निवडतो. साधा मानव व्हायचे, दीर्घायुषी एल्फ व्हायचे, डोंगराच्या पोटात राहणारा ठेंगणा ड्वार्फ व्हायचे की त्याहूनही लहान चणीचा हाफलिंग, हे प्रथम ठरते. योद्धा की जादूगार हा पेशाही खेळाडूच निवडतो आणि पुढे काय घडते ते फासे ठरवतात. हुमायूनच्या गालिच्यात आणि या खेळात थेट वारसा नाही. परंतु जन्माने किंवा पेशाने मिळालेली जागा आणि फाशाने दिलेली अवस्था, ही दोन तत्त्वे दोहोंत समान आहेत. माणूस जन्माने मिळालेल्या वर्तुळाचा की फाशाने दिलेल्या अवस्थेचा, हा प्रश्न हुमायूनच्या दरबारात हसत-खेळत मांडला गेला. त्याच्या आयुष्याने मात्र तोच प्रश्न फार कठोरपणे विचारला.

तीन नावांचा शकुन

नासिरुद्दीन मुहम्मद हुमायूनचा जन्म ६ मार्च १५०८ रोजी काबूल येथे झाला. बाबर हा त्याचा पिता आणि माहम बेगम ही माता. गणित आणि खगोलशास्त्राची त्याला लहानपणापासून ओढ होती. काबूलमधील त्याच्या तरुणपणाची एक हकिकत इतिहासकारांनी जपून ठेवली आहे. आपले गुरू मौलाना मसिहुद्दीन रुहुल्ला यांच्यासह बाहेर पडला असता, वाटेत भेटणाऱ्या पहिल्या तीन माणसांच्या नावांवरून भविष्याचा शकुन पाहावा, असे त्याच्या मनात आले. पहिल्या माणसाने आपले नाव मुराद ख्वाजा सांगितले. त्यामागून लाकडे लादलेले गाढव हाकत येणाऱ्याचे नाव दौलत ख्वाजा निघाले. तिसऱ्याचे नाव सआदत असले तर शकुन पूर्ण होईल, अशी चर्चा सुरू असतानाच गुरे चारणारा एक मुलगा दिसला आणि त्याचे नाव खरोखरच सआदत ख्वाजा होते. मुराद म्हणजे मनोरथ, दौलत म्हणजे सत्ता आणि सआदत म्हणजे पुण्यभाग्य. हे तीन शब्द हुमायूनने आयुष्यभर मनाशी धरून ठेवले.

२१ एप्रिल १५२६ रोजी पानिपतच्या पहिल्या लढाईत अठरा वर्षांचा हुमायून पित्याच्या बरोबर होता. २६ डिसेंबर १५३० रोजी बाबराचे निधन झाले आणि काही दिवसांतच हुमायून आग्र्यात गादीवर बसला. राज्य नवे होते. पूर्वेला अफगाण सरदार दबा धरून होते, पश्चिमेला गुजरातचा सुलतान बहादूरशहा प्रबळ होत होता आणि कामरान, अस्करी व हिंदाल या भावांच्या महत्त्वाकांक्षाही लपून राहिलेल्या नव्हत्या.

ग्रहांवर रचलेला दरबार

हुमायूनने त्या तीन शब्दांवर आपला सारा दरबार उभारला. राजकुळातील पुरुष, अमीर आणि सैनिक हे दौलतचे लोक ठरले. विद्वान, सय्यद आणि कवी हे सआदतचे, तर गायक, वादक व रूपवान मंडळी ही मुरादची. आठवड्याचे वारही वाटले गेले. शनिवार आणि गुरुवार विद्वान व धर्मज्ञांसाठी, रविवार आणि मंगळवार राज्यकारभारासाठी, सोमवार आणि बुधवार आमोदप्रमोदासाठी होते. शुक्रवारी सर्वांना प्रवेश असे. ज्या ग्रहाचा वार, त्या ग्रहाच्या रंगाचा पोशाख बादशहा त्या दिवशी परिधान करी.

राज्यातील खातीही चार तत्त्वांवर विभागली गेली. तोफखाना अग्नीकडे, पोशाखखाना आणि तबेले वायूकडे, सरबतखाना व कालवे जलाकडे, शेती व बांधकाम पृथ्वीकडे आले. प्रत्येकाचा दर्जा दाखवण्यासाठी कमी-अधिक कसाच्या सोन्याचे बारा बाण ठरवले गेले. सर्वांत खालचा बाण द्वारपाल आणि उंटवाले यांच्यासाठी, तर बाराव्या, अस्सल सोन्याच्या बाणाचा मान खुद्द बादशहाचा. आजच्या खेळांत पात्र जशा एकेक पायऱ्या चढते, तशीच ही बारा पायऱ्यांची चढण होती.

ही सारी व्यवस्था केवळ हौस नव्हती. बादशहाने न्यायासाठी एक नगारा ठेवला होता. तंटा असेल तर एकदा, पगार थकला असेल तर दोनदा, मालमत्ता लुबाडली गेली असेल तर तीनदा आणि खून झाला असेल तर चार वेळा नगारा वाजवावा, असा नियम होता. सामान्य फिर्यादीचा आवाज थेट बादशहापर्यंत पोहोचवण्याची ती सोय होती.

हुमायूनची बहीण गुलबदन बेगम हिने पुढे लिहिलेल्या हुमायूननाम्यात आग्र्यातील एका नवलाच्या मेजवानीचे वर्णन केले आहे. अष्टकोनी महालाच्या वरच्या मजल्यावर तीन दालने सजवलेली होती. एकात रत्नजडित शस्त्रे व चिलखत, दुसऱ्यात ग्रंथ, कलमदाने व नमाजाचा गालिचा आणि तिसऱ्यात पलंग, उशा व फळफळावळ अशी मांडणी होती. दौलत, सआदत आणि मुराद अशी ही तीन घरे होती. १५३३ मध्ये यमुनाकाठी दिल्लीत दीनपनाह या नव्या नगराचा पाया घातला गेला. तोच आजचा पुराना किल्ल्याचा परिसर. हेरातहून आलेला इतिहासकार ख्वांदमीर याने कानून-इ-हुमायुनी या ग्रंथात बादशहाच्या या कल्पना आणि इमारती लिहून ठेवल्या.

लाल पोशाखाचा मंगळवार

खेळाचे नियम दरबारातच राहिले असते तर हुमायून केवळ कल्पक राजा म्हणून ओळखला गेला असता. तसे झाले नाही. १५३५ मध्ये त्याने गुजरातच्या बहादूरशहावर स्वारी केली. मांडू जिंकल्यावर, गुजरातच्या मिरात-इ-सिकंदरी या इतिहासानुसार, लाल वस्त्रे ल्यालेल्या हुमायूनने कत्तलीचा हुकूम दिला होता. बहादूरशहाच्या पदरचा बच्चू नावाचा गवई त्याच्यापुढे आणला गेला. त्याचे गाणे ऐकून बादशहाचा राग निवळला, त्याने लाल वस्त्रे उतरवून हिरवी घातली आणि कत्तल थांबवली.

त्यानंतर चांपानेरच्या दुर्गम किल्ल्याला वेढा पडला. उभ्या कड्यात लोखंडी मेखा ठोकून रात्री मोजके लोक वर चढले. त्यांत एकेचाळिसावा चढणारा स्वतः हुमायून होता. त्याचे शौर्य कधीच वादाचा विषय नव्हते.

याच चांपानेरजवळ हालोलच्या बागेत घडलेला प्रसंग मात्र त्याच्या चरित्रातील सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. ग्रंथालयातील सेवक, शस्त्रे वाहणारे, दौती सांभाळणारे अशी खालच्या दर्जाची नोकरमंडळी तेथे मद्यपान करीत बसली होती. कुणीतरी तैमूरचे चरित्र वाचून दाखवले. आरंभी तैमूरपाशी अवघी चाळीस माणसे होती, हे ऐकताच त्यांनी आपली संख्या मोजली. ती चारशे भरली. तैमूरच्या दसपट असलेल्या आपण एकी केली तर दख्खन सहज जिंकू, असे त्यांच्या धुंद मनाने घेतले आणि ते खरोखरच दख्खनच्या वाटेला लागले. एका रात्रीपुरती त्यांनी तैमूरची भूमिका घेतली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांना बांधून आणण्यात आले. तो मंगळवार होता. मंगळाच्या वाराला साजेसा लाल पोशाख करून बादशहा कोपाच्या आसनावर बसला होता. अबुल फजल सांगतो, की त्या दिवशी कुणाचा शिरच्छेद झाला, कुणाचे हातपाय तोडले गेले, तर कुणी हत्तीच्या पायी गेले. सायंकाळच्या नमाजात इमामाने कुराणातील हत्तीचा उल्लेख असलेला अध्याय म्हटला. हा आपल्यालाच टोमणा आहे असे समजून बादशहाने त्यालाही हत्तीच्या पायी देण्याचा हुकूम केला. राग ओसरल्यावर त्या माणसाचा काही दोष नव्हता हे त्याच्या ध्यानी आले आणि ती सारी रात्र त्याने रडत काढली. हे नोकर सोमवारी किंवा बुधवारी समोर आणले गेले असते तर त्यांचे काय झाले असते, हा प्रश्न त्या नोंदीतून आपोआप उभा राहतो. खेळात पोशाख उतरवला की भूमिका संपते. सिंहासनावर बसलेल्या माणसाच्या भूमिकेची किंमत दुसऱ्याला द्यावी लागते.

भिस्ती सिंहासनावर, बादशहा वाळवंटात

गुजरात जितक्या वेगाने हाती आले तितक्याच वेगाने निसटले. पूर्वेकडे शेरखान सूर बलाढ्य झाला. २६ जून १५३९ रोजी चौसा येथे पहाटेच्या अचानक हल्ल्यात मुघल सैन्याची दाणादाण उडाली. जीव वाचवण्यासाठी हुमायूनने गंगेत उडी घेतली. तेथे निजाम नावाच्या एका भिस्त्याने हवा भरलेल्या मशकीच्या आधाराने त्याला पैलतीरी पोहोचवले. त्याच्या मोबदल्यात सिंहासनावर बसवण्याचे वचन बादशहाने दिले आणि आग्र्याला परतल्यावर ते पाळले. काही लेखकांच्या मते अर्धा दिवस, तर गुलबदन बेगमच्या लेखी दोन दिवस तो पाणक्या हिंदुस्थानच्या तख्तावर बसला आणि त्याने हुकूमही सोडले. शत्रू दाराशी आला असताना चाललेला हा प्रकार कामरानला मुळीच रुचला नाही. ज्या बादशहाने द्वारपालापासून सम्राटापर्यंत सोन्याचे बारा कस ठरवले होते, त्यानेच सर्वांत खालच्या माणसाला सर्वांत वरच्या जागी बसवले.

१७ मे १५४० रोजी कनौजजवळ दुसरा पराभव झाला आणि राज्य गेले. त्यानंतरची पंधरा वर्षे हुमायून सोनेरी वर्तुळाच्या बाहेर होता. १५४१ मध्ये सिंधमध्ये हमीदा बानूशी त्याचा विवाह झाला. राजपुतान्याच्या वाळवंटात पाण्यावाचून माणसे मेली. १५ ऑक्टोबर १५४२ रोजी अमरकोट येथे अकबराचा जन्म झाला, तेव्हा वाटण्यासाठी बादशहापाशी कस्तुरीखेरीज काही नव्हते. चिनीमातीच्या थाळीत ती फोडून त्याने सोबत्यांना वाटली, असे जौहर या त्याच्या सेवकाने लिहिले आहे. पुढे इराणच्या वाटेवर बर्फात घोडा मारून त्याचे मांस शिरस्त्राणात शिजवण्याची वेळ आली, हे गुलबदन बेगमने नोंदवले आहे. तान्ह्या अकबराला कंदहारच्या बाजूला सोडून मातापित्यांना पुढे जावे लागले.

१५४४ मध्ये इराणचा शाह तहमास्प याने हुमायूनला आश्रय दिला, पण अटीवर. शिया पंथीय सफवी दरबाराची बारा घड्यांची टोपी त्याला मस्तकी धारण करावी लागली. आजवर इतरांचे पोशाख आणि जागा ठरवणाऱ्यावर दुसऱ्याने ठरवलेला पोशाख घालण्याची पाळी आली. तशाही दिवसांत आकाशाची ओढ सुटली नव्हती. तबरीझमध्ये त्याने आपल्या अश्वशाळेच्या अधिकाऱ्याला खगोलदर्शक गोल शोधून आणायला सांगितले. फारसीत गोल आणि शिंगरू या शब्दांच्या उच्चारात फारसा फरक नाही. अधिकारी घोड्यांची शिंगरे घेऊन परतला. बादशहाने ती शुभशकुन मानून ठेवून घेतली.

इराणच्या मदतीने १५४५ मध्ये त्याने कंदहार आणि काबूल घेतले. कामरानशी भाऊबंदकी त्यानंतरही आठ वर्षे चालली. पित्याने भावांशी दयेने वागण्याची ताकीद दिली होती आणि हुमायूनने त्याला अनेकदा क्षमा केली. अखेर १५५३ मध्ये अमिरांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्याने कामरानला आंधळे करवले. त्या प्रसंगाची साक्ष जौहरने लिहून ठेवली आहे.

शुक्राची वाट पाहताना

२२ जून १५५५ रोजी सरहिंदची लढाई जिंकून हुमायून जुलैमध्ये दिल्लीत परतला. त्याच्या दीनपनाहवर एव्हाना सूर घराण्याची बांधकामे उभी राहिली होती. शेर मंडल ही त्यांपैकीच एक मानली जाते. हुमायूनने तेथे आपले ग्रंथालय थाटले. दिल्लीसह अनेक नगरांना राजधानीचा दर्जा देऊन तेथे फौज ठेवावी आणि आपण फिरत राहावे, अशी नवी योजना तो आखत होता.

२४ जानेवारी १५५६ रोजी तो इमारतीच्या गच्चीवर होता. त्या रात्री शुक्राचा उदय अपेक्षित होता आणि त्याच मुहूर्तावर काही जणांना बढत्या देण्याचा त्याचा मानस होता. उतरताना अजान ऐकू आली. आदराने तो पायरीवर बसू लागला, पण झग्यात पाय अडकला, काठी निसटली आणि तो खाली कोसळला. दोन-तीन दिवसांत त्याचा मृत्यू झाला. तेव्हा त्याचे वय ४७ वर्षे होते.

अकबर तेव्हा दूर पंजाबात होता. राज्यात गोंधळ माजू नये म्हणून सतरा दिवस मृत्यू लपवण्यात आला. त्या काळात दिल्लीत असलेला उस्मानी आरमारप्रमुख सीदी अली रईस याने या गुप्ततेचा सल्ला आपण दिल्याचे लिहिले आहे. मुल्ला बेकसी नावाच्या माणसाला बादशहाचा वेश चढवून नदीकडच्या सज्जात उभे करण्यात आले आणि खाली जमलेल्या लोकांनी त्याला मुजरा केला. ज्याने फाशावरच्या आकृतीप्रमाणे इतरांना उठवले-बसवले, त्याची अखेरची भूमिका दुसऱ्याच माणसाने वठवली. १४ फेब्रुवारी १५५६ रोजी कलानौर येथे अकबराला राज्याभिषेक झाला.

गालिच्यानंतर

आनंदाचा गालिचा काळाच्या ओघात नाहीसा झाला. त्याचे वर्णन तेवढे उरले. मात्र अद्भुत पात्रांची आवड त्या घराण्यात टिकली. इराणच्या दरबारातून हुमायूनच्या आश्रयाला आलेल्या मीर सय्यद अली आणि अब्दुस समद या चित्रकारांच्या देखरेखीखाली अकबराच्या काळात हमजानामा चितारला गेला. सुमारे १,४०० चित्रांच्या या प्रचंड प्रकल्पात देव नावाचे राक्षस, पऱ्या, अजगर आणि वेषांतर करणारे अय्यार यांची दुनिया साकारली. आईन-इ-अकबरीत वर्णिलेल्या बारा रंगांच्या गंजिफ्यात अश्वपती, गजपती, नरपती यांच्या जोडीला देवांचा, असुरांचा, श्वापदांचा आणि सर्पांचाही राजा आहे. म्हणजे माणसांच्या फौजेसमोर देव-दानवांची पाने टाकून खेळण्याची सोय सोळाव्या शतकातच होती. महाराष्ट्रात सावंतवाडीच्या कारागिरांनी दशावतारी गंजिफ्याच्या रूपाने याच खेळाची परंपरा जिवंत ठेवली आहे.

परदेशातील भूमिकांच्या खेळांतही आता वंशाच्या कल्पनेचा फेरविचार झाला आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२४ च्या आवृत्तीत वंश हा शब्द मागे पडून प्रजाती हा शब्द आला. पात्राच्या बळाची किंवा बुद्धीची वाढ जन्मावर नव्हे, तर त्याच्या पूर्वायुष्यावर अवलंबून ठेवण्यात आली. वर्तुळ जन्माने ठरावे की जगण्याने, हा प्रश्न अद्याप संपलेला नाही.

हुमायूनचा मकबरा त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी दिल्लीत निजामुद्दीनजवळ उभा राहिला. मिराक मिर्झा गियास हा त्याचा वास्तुरचनाकार. १९९३ मध्ये युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारशाचा दर्जा दिला. ज्याने सिंहासनावर भिस्त्याला बसवले, लाल पोशाखात निरपराधाला मृत्युदंड फर्मावला आणि त्यासाठी रात्रभर अश्रू ढाळले, तो माणूस तेथे चिरविश्रांती घेत आहे. त्याने रचलेल्या खेळात आडवी आकृती आलेला खेळाडू पुढच्या फाशाला पुन्हा उभा राहू शकत असे. चौसा आणि कनौजनंतर पंधरा वर्षांनी हुमायूनलाही नियतीने एकदा तशी संधी दिली. शेर मंडलच्या जिन्यावर ती पुन्हा मिळाली नाही.